उसाच्या बोअरवर बोलायचं, तर बाजू कशी बांधायची

औसा तालुक्यात अकरावीच्या पोरांची वादविवादाची तयारी मी करून घेते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून उन्हाळा लागला की आमचा विषय ठरलेला: ऊस लावावा का?

आधी प्रश्न लहान करा. 'ऊस चांगला की वाईट' यावर नुसता आरडाओरडा होतो. 'गावच्या हापशाला फेब्रुवारीतच पाणी येईना, अशा वेळी शेजारी उसासाठी नवा बोअर पाडावा का?' यावर बोलता येतं.

गेल्या वर्षी एका मुलीनं लिहिलं, 'ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो, भर उन्हाळ्यातही पाणी पितो. म्हणून बोअर पाडू नये.' मी 'म्हणून'खाली लाल रेघ ओढली. पहिलं वाक्य शेतीचं, दुसरं नीतीचं. मधली पायरी गाळलेली. अर्धा तास डोकं धरून तिनं ती लिहिली: 'कुणाच्याही पिकाआधी सगळ्यांच्या पिण्याचं पाणी.' खरा वाद याच ओळीवर होतो, म्हणून ती उघड लिहायचीच.

मग ती ओळ दुसरीकडे लावून बघा. मोसंबीच्या बागेला लागू होते? होते. दावणीच्या म्हशीला? तिथं मुलगी थबकली आणि 'माणसांच्या आणि जनावरांच्या' असं तिनं वर बारीक अक्षरात घातलं.

कायदा सांगावा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेण्यावर राज्यानं १९९३मध्येच बंधन घातलं. पण तेवढ्यावर थांबू नका. ५०१व्या मीटरवर बोअर पाडणं बरोबर का, हे ५०० मीटरची अट सांगत नाही, तुम्हाला सांगावं लागतं.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडा. 'ऊसवाले लोभी' ही ओळ मी खोडतेच. उसाला केंद्रानं ठरवलेला किमान दर आहे. सोयाबीन बाजारात हमीभावाच्याही खाली जातं. लेकरांची फी त्याच उसातून भरली जाते. ऐकून ऊसवाला 'हेच म्हणायचंय मला' म्हणाला पाहिजे.

शेवटी, ज्याच्या रानात बोअर आहे त्याला वाचून दाखवा. त्या मुलीनं तिच्या चुलत्याला दाखवलं. ते म्हणाले, "बोअरचं पाणी गावच्या टाकीत सोडतो की. मोटारीचं बिल कोण भरणार?" तिनं वही उघडली आणि बिलाचा नवा परिच्छेद सुरू केला.