‘डिटेक्टिव्ह डी’ पाहावा कसा

त्सुई हार्क यांचा ‘डिटेक्टिव्ह डी अँड द मिस्ट्री ऑफ द फँटम फ्लेम’ हा २०१० सालचा चित्रपट केवळ हाणामारीसाठी लावला, तर पहिल्या अर्ध्या तासातच नावांचा आणि दरबारी हेव्यादाव्यांचा गोंधळ उडतो आणि पुढे सगळेच जादूटोण्यासारखे वाटू लागते. खरे तर ही एक नीट बांधलेली तपासकथा आहे. तिचा पुरता आनंद घ्यायचा असेल, तर थोडी पूर्वतयारी करून बसावे.

सर्वप्रथम काळ समजून घ्यावा. कथा इ. स. ६८९ मध्ये, चीनच्या लुओयांग या राजधानीत घडते. तांग घराण्यातील सम्राट गाओझोंग ६८३ मध्ये वारले होते. त्यांची पत्नी वू झेतियन मुलांना नावापुरते गादीवर बसवून स्वतः कारभार पाहत होती, आणि ६९० मध्ये तिने स्वतःच्या नावाने राज्याभिषेक करवून घेतला. चीनच्या इतिहासात सम्राट हे पद स्वतः धारण करणारी ती एकमेव स्त्री होय. चित्रपटातील प्रत्येक पात्र या येऊ घातलेल्या राज्याभिषेकाच्या बाजूने तरी उभे आहे किंवा विरोधात तरी, एवढे एक सूत्र हाताशी धरले की पुढचा गुंता आपोआप सुटू लागतो. नावांच्या बाबतीत चिनी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येते, हे ध्यानात ठेवावे. ‘डी’ हे आडनाव आणि ‘रेनजिए’ हे नाव.

तपास करणारा नायक डी रेनजिए ही खरोखरीची ऐतिहासिक व्यक्ती, वू झेतियनच्या दरबारातील अधिकारी. चित्रपटात वू झेतियनला विरोध केल्याबद्दल त्याने आठ वर्षे तुरुंगवास भोगलेला दाखवला आहे. ती कल्पना आहे, पण बिनबुडाची नव्हे. ६९२ मध्ये राजद्रोहाच्या खोट्या आरोपावरून त्याला अटक झाली, तेव्हा छळ टाळण्यासाठी त्याने गुन्हा चटकन कबूल केला, मग फाडलेल्या कापडावर आपली कैफियत लिहून ती कापूस भरलेल्या अंगरख्याच्या अस्तरात दडवली, आणि हवा तापली आहे, आतला कापूस काढून घ्या, असा निरोप देऊन तो अंगरखा घरी पाठवला. मुलाच्या हाती ती कैफियत लागली, त्याने ती वू झेतियनपर्यंत पोहोचवली आणि डीचा जीव वाचला. अँडी लाउ यांनी रंगवलेला शांत, सावध आणि समोरच्याचा विश्वास एका मर्यादेपलीकडे न धरणारा डी पाहताना हा अंगरखा आठवावा; ती व्यक्तिरेखा अधिक खरी वाटू लागते.

चित्रपट शक्यतो मूळ चिनी आवाजात, उपशीर्षकांसह पाहावा. दरबारात कोण कोणाशी किती अदबीने बोलतो, आवाज कुठे कठोर होतो, हे डबिंगमध्ये हरवते, आणि येथे तर अदब हाच अनेकदा पुरावा असतो. कॅरिना लाउ यांची वू झेतियन पाहताना हे विशेष जाणवते. त्यांना या भूमिकेसाठी हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, आणि माझ्या मते तो सर्वस्वी रास्त होता.

आता तपासाकडे वळावे. राज्याभिषेकासाठी राजवाड्यासमोर बुद्धाचा एक प्रचंड पुतळा उभारला जात आहे आणि त्या कामाशी संबंधित अधिकारी भर दिवसा पेटून मरत आहेत. पहिल्या मृत्यूचे दृश्य बारकाईने पाहावे. ज्वाळा कपड्यांवरून आत शिरत नाही. ती आतून बाहेर येते. जवळ मशाल नाही, तेल नाही. पुतळ्यातील ताईत हलवल्याने दैवी कोप झाला, असे दरबारी मंडळी म्हणतात. प्रेक्षकाने मात्र मनाशी तीन प्रश्न बाळगावेत: मृत व्यक्ती त्याआधी कुठे होती, तिने काय खाल्ले-प्याले, आणि ती उन्हात नेमकी केव्हा आली? उत्तर निसर्गाच्या नियमांना थोडे ताणते, पण कथेने स्वतः घातलेले नियम मोडत नाही, आणि गूढकथेकडून एवढी अपेक्षा नक्कीच ठेवता येते.

पुतळा ही निव्वळ कल्पना समजू नये. लुओयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांत वैरोचन बुद्धाची सुमारे १७ मीटर उंचीची मूर्ती आहे. ती ६७५ च्या सुमारास पूर्ण झाली आणि तिच्यासाठी वू झेतियनने स्वतःच्या प्रसाधनखर्चातून रक्कम दिल्याची नोंद आहे. बौद्ध धर्माचा आधार घेऊन तिने आपली सत्ता भक्कम केली. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या मराठी वाचकाला दगडातील बुद्ध आणि राजाश्रय यांचे नाते वेगळे सांगायला नको.

मारामाऱ्या सॅमो हंग यांनी बसवल्या आहेत. माणसे छपरांवरून तरंगत जातात, ते वुशिया, म्हणजे चिनी तलवारबाज वीरांच्या अद्भुत साहसकथांच्या, परंपरेला धरून आहे. तिथे गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मांडू नये. त्याऐवजी डीच्या हातातील गदेवर लक्ष ठेवावे. ती समोरच्या शस्त्रातील कच्चा दुवा शोधते आणि नेमक्या तिथेच ते मोडते. तपासातही डी हेच करतो: पूर्ण वाटणाऱ्या जबानीतील एक सैल जागा शोधून तिथे बोट ठेवतो. संगणकाने रचलेली काही दृश्ये आज कृत्रिम दिसतात, तिथे फार रेंगाळू नये. जमिनीखालचा भुताटकीचा बाजार मात्र सावकाश पाहावा.

शेवट कळल्यावर एक-दोन दिवसांनी पहिली वीस मिनिटे पुन्हा लावावीत. या वेळी बोलणाऱ्याकडे पाहू नये. कोण गप्प उभे आहे आणि कोणाची नजर पुतळ्याच्या उंचीवरून राजवाड्याकडे वळते, तेवढेच पाहावे.