अमेरिकेत नव्याने आलात? हॉस्पिटलच्या कागदांवर सही करण्याआधी

इथे पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलात की तपासणीआधी कागदांचा गठ्ठा हातात येतो. हल्ली टॅबलेट देतात. आपण सगळे एकच करतो, रेघ दिसेल तिथे सही ठोकतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं.

मग एकदा आई इकडे आलेली असताना तिच्या छातीत दुखायला लागलं. मी कामासाठी दुसऱ्या राज्यात होतो, बायको विमानात. शेजारणीने आईला इमर्जन्सीत नेलं. मी हॉस्पिटलला फोन केला, तर नर्स गोड आवाजात म्हणाली, "मला काही सांगता येणार नाही." मी मुलगा आहे म्हटलं, तरी तेच. मी आवाज चढवला, अर्थातच उपयोग शून्य. शेवटी तिनेच वाट दाखवली: पेशंटला विचारते, ती हो म्हणाली तर बोलते. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून फोनवर मराठी दुभाषी जोडला. आई म्हणाली, "अहो, मुलगाच आहे माझा, सांगा की!" पुढच्या पाच मिनिटांत ईसीजीपासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत सगळं कळलं.

या प्रकाराचं मूळ हिपा (HIPAA) नावाच्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आहे. कायदा १९९६ चा, त्यातले गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून पाळणं बंधनकारक झालं. पण नवख्या माणसाची समजूत उलटी असते. त्याला वाटतं, कायद्याने तोंडाला कुलूप लावलंय. तसं नाही. उपचारासाठी एक डॉक्टर दुसऱ्याला तुमची माहिती देतो, बिलासाठी ती इन्शुरन्स कंपनीकडे जाते, आणि या दोन्हींना तुमची वेगळी परवानगी लागत नाही. उपचारात लक्ष घालणाऱ्या घरच्यांशीही बोलता येतं, तुमची हरकत नसेल तर. बेशुद्ध असाल तर डॉक्टर स्वतःच्या समजुतीने ठरवतात. मात्र कायदा 'बोलू शकता' म्हणतो, 'बोलाच' म्हणत नाही. त्यामुळे फोनवरचा अनोळखी आवाज ऐकला की कर्मचारी गप्प राहणं पसंत करतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी आळसालाही हिपाचं नाव देतात.

म्हणून त्या गठ्ठ्यातले दोन कागद वेगळे ओळखायला शिका. एक असतो गोपनीयतेच्या सूचनेचा. त्यावरची सही म्हणजे फक्त 'सूचना मिळाली' एवढी पोच. ती नाही केली म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही. दुसरा कागद विचारतो, तुमच्याबद्दल कोणाशी बोललं तर चालेल? हा बहुतेक जण कोरा सोडतात आणि नंतर पस्तावतात. त्यावर नवरा-बायकोचंसुद्धा नाव लिहा, फोन नंबरासकट. भारतातून आईवडील येणार असतील तर पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून तो भरून घ्या. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय कोण घेणार, याचा कागद आणखी वेगळा. त्याचं नाव आणि नमुना राज्यागणिक बदलतो, पण तो करून ठेवाच.

दुभाष्याचं आणखी थोडं. आईवडिलांसाठी दुभाषी पुरवणं हे हॉस्पिटलचं काम आहे आणि तो फुकट असतो. दहा वर्षांच्या नातवाला मध्ये उभं करून आजीच्या पोटाच्या तक्रारी इंग्रजीत सांगायला लावू नका. आजी त्याच्यासमोर अर्धं लपवते.

ॲडमिट झालात तर तुमचं नाव रुग्णांच्या यादीत जातं. कोणी नाव घेऊन चौकशी केली तर तुम्ही कुठल्या खोलीत आहात आणि साधारण प्रकृती कशी आहे, एवढं सांगण्याची मुभा हॉस्पिटलला असते. मंडळातली पंचवीस माणसं डबे घेऊन यायला नको असतील तर 'यादीत नाव नको' असं सांगता येतं. कोणाला वाईट वाटत नाही, कारण कोणाला कळतच नाही.

स्वतःचे रिपोर्ट मागणं हा तुमचा हक्क आहे. ३० दिवसांत द्यावे लागतात, फार तर आणखी ३० दिवसांची एकच मुदतवाढ. आता बरंचसं पोर्टलवरच, म्हणजे हॉस्पिटलच्या रुग्णांसाठीच्या वेबसाइटवर दिसतं. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांमुळे रिपोर्ट सहसा तयार होताच तिथे येतो, बऱ्याचदा डॉक्टरने पाहण्याआधी. शुक्रवारी रात्री लाल अक्षरांतला आकडा पाहून गूगल करत बसण्याचा अनुभव प्रत्येकाने एकदा घेतलेला असतो.

एक भोक मात्र लक्षात ठेवा. इन्शुरन्स कंपनी 'कशाचे किती पैसे दिले' असं पत्र पाठवते, ते पॉलिसी ज्याच्या नावावर त्याला. बायको नवऱ्याच्या पॉलिसीवर असेल तर तिचं समुपदेशन त्यातून घरात उघड होऊ शकतं. ते पत्र घरी येण्याने धोका आहे असं कळवलंत तर कंपनीला वाजवी विनंती मान्य करून वेगळ्या पत्त्यावर पाठवावं लागतं. एखाद्या उपचाराचे पूर्ण पैसे स्वतः भरलेत, तर तो इन्शुरन्सला कळवू नका असंही सांगता येतं, आणि ते ऐकावं लागतं.

एच-वन व्हिसावर नव्याने नोकरीला आलेल्यांचा ठरलेला प्रश्न: कंपनीला कळेल का? तुमच्या लेखी परवानगीशिवाय हॉस्पिटल सहसा तुमच्या कंपनीला आजाराचं काही सांगत नाही. पण तुम्ही स्वतः एचआरला दिलेलं सर्टिफिकेट, मनगटावरच्या घड्याळाच्या ॲपमधली माहिती, यांना सहसा हिपा लागू नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी टाकलेल्या रिपोर्टच्या फोटोला तर नाहीच.

हॉस्पिटलने खरंच आगळीक केली तर आधी तिथल्या प्रायव्हसी ऑफिसरला गाठा. मग केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातल्या 'ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स'कडे, कळल्यापासून १८० दिवसांच्या आत. भरपाईची आशा ठेवू नका, ते तपास करतात.

आणि मुलं अठराची झाली की बहुतेक राज्यांत तुम्हीही बाहेरचे. आमची लेक कॉलेजला निघाली तेव्हा मी तोच फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने नीट वाचला, माझं नाव लिहिलं, सही केली. मानसिक आरोग्याची चौकट मात्र रिकामी ठेवली. मी पेन परत घेतलं, विचारलं काही नाही.