टेरियरच्या पिल्लाला रॅकूनच्या शिकारीची ओळख कशी करून द्यावी

अमेरिकेतील ओहायो, इंडियाना, आयोवा या मक्याच्या पट्ट्यातील राज्यांत गवताच्या माळ्यावर रॅकून या रानटी प्राण्याने ठाण मांडले की शेतकऱ्याला पहिली आठवण होते ती जवळपासच्या एखाद्या कामाच्या टेरियरची, म्हणजे बिळात-फटीत शिरून सावज शोधणाऱ्या लहान चणीच्या कुत्र्याची. रॅकून दुधात आलेली कणसे मोडतो, गुरांच्या खाद्यात तोंड घालतो आणि एकाच कोपऱ्यात विष्ठेचा ढीग करून वर्षभराचे गवत नासवतो. लांब पल्ल्याचा माग काढण्यासाठी तिकडे कूनहाउंड जातीचे मोठे कुत्रे पाळले जातात. पण गवताच्या गासड्यांमधील फट, मोरीचा नळ किंवा कोठाराच्या फळ्यांखालची पोकळी अशा ठिकाणी जॅक रसेल, पॅटरडेल, याग्डटेरियर या टेरियर जातींची मंडळीच उपयोगी पडतात. अशा कुत्र्याचे पिल्लू या कामात हळूहळू कसे उतरवावे, हे येथे सांगितले आहे. त्या राज्यांत स्थायिक झालेल्या आणि शेजाऱ्यांबरोबर शिकारीला जाऊ लागलेल्या मराठी वाचकांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. रॅकून हा आपल्याकडचा प्राणीच नाही, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार उदमांजर, मुंगूस किंवा साळिंदर यांच्यामागे कुत्रा सोडणे हा गुन्हा आहे. म्हणून यातील काहीही इथल्या रानात करून पाहू नये.

सावज ओळखावे, कायदा पाहावा

उदमांजरापेक्षा भरदार अंग, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीवर वलये आणि माणसाच्या हातासारखी चालणारी पुढची बोटे, असा हा प्राणी आहे. पूर्ण वाढलेल्या रॅकूनचे वजन बहुधा ४ ते ९ किलो असते आणि एखादा नर त्याहूनही जड भरतो. जॅक रसेलचे वजन ६ ते ८ किलो धरले, तर कुत्रा आणि सावज जवळपास तुल्यबळ आहेत हे लक्षात येईल. कोंडीत सापडलेला रॅकून पुढच्या पंजांनी कुत्र्याचे डोके धरतो आणि नाक, ओठ, कान यांचा चावा घेतो. म्हणून टेरियरचे काम शोधणे, अडवून धरणे आणि मालक येईपर्यंत एका जागी भुंकत राहणे एवढेच मानावे. सावजाशी झुंजणे हे त्याचे काम नाही, आणि पुढील सगळे शिक्षण याच समजुतीवर उभे आहे.

ओहायोत रॅकूनच्या शिकारीसाठी शिकारीचा परवाना आणि त्याशिवाय केसाळ कातड्याच्या प्राण्यांसाठीचा वेगळा परवाना लागतो. दुसऱ्याच्या जमिनीवर जायचे असेल तर मालकाची लेखी परवानगी जवळ ठेवावी लागते. हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारीअखेर असतो. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत आणि ते बदलतातही, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये. हंगाम थंडीत असण्यामागे कारण आहे: रॅकूनची पिल्ले बहुधा एप्रिल-मे महिन्यांत जन्मतात आणि थंडीपर्यंत ती आईवाचून जगण्याइतकी मोठी झालेली असतात.

पहिले सहा महिने: लस आणि आज्ञा

रॅकूनपासून कुत्र्याला डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग), लेप्टोस्पायरोसिस (लघवीतून पसरणारा जिवाणूजन्य रोग) आणि रेबीज यांचा धोका असतो. डिस्टेंपरची लसमालिका पिल्लू सुमारे १६ आठवड्यांचे होईपर्यंत चालते. लेप्टोस्पायरोसिसची लस दोन मात्रांत घ्यावी लागते आणि रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर टोचतात. हे सर्व पुरे होऊन पशुवैद्याने होकार देईपर्यंत पिल्लाला रॅकूनच्या वावराच्या जागी नेऊ नये.

या काळात त्याला हाक मारताच परत येणे, साखळीला न ओढता चालणे आणि तोंडातील वस्तू सोडणे एवढे पक्के शिकवावे. कोंबड्या, मांजरे, वासरे यांच्यामध्ये त्याला रोज साखळीने फिरवावे आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केले की खाऊ द्यावा. हरणाचा माग लागला की लगेच थांबवून दुसरीकडे वळवावे. हरणामागे धावणारा कुत्रा रस्त्यावर मरतो, आणि अनेक राज्यांत त्याबद्दल मालकावर कारवाईही होते. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दुधाचे दात पडत असतात, तेव्हा कातड्याची ओढाताण खेळू नये, कारण हिरड्या दुखल्या की पिल्लू कातडे तोंडात घ्यायलाच बिचकू लागते.

कातड्याचा माग

खरे शिक्षण येथून सुरू होते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा. कमावलेले किंवा नीट वाळवलेले रॅकूनचे कातडे परवानाधारक शिकाऱ्याकडून मिळवावे. कच्चे कातडे पिल्लाला चघळू देऊ नये. कातडे दोरीने लांब काठीला बांधावे आणि आपल्या पावलांपासून दोन हात बाजूला राहील असे गवतातून ओढत न्यावे. हे जपले नाही, तर पिल्लू रॅकूनचा वास सोडून आपल्या बुटांचा माग काढायला शिकते, आणि ती चूक महिनोन् महिने लक्षातच येत नाही.

पहिला माग १५-२० मीटरचा आणि सरळ असावा. जमीन दमट असते तेव्हा वास चांगला टिकतो, म्हणून संध्याकाळची वेळ निवडावी. शेवटी कातडे सापडले की पिल्लाला ते दोन मिनिटे हलवू द्यावे, तोंडभर कौतुक करावे आणि खेळ तिथेच थांबवावा. पुढच्या काही आठवड्यांत माग लांबवावा, त्याला वळणे द्यावीत आणि मधून एखादा उथळ ओहोळ ओलांडावा. हे जमू लागले की माग झाडाच्या बुंध्याशी संपवावा, बुंध्यावर कातडे घासत वर न्यावे आणि पिल्लाच्या उडीच्या थोडे वर टांगावे.

त्या क्षणी पिल्लाकडे बारकाईने पाहावे. ते आधी बुंध्याभोवती गोल फिरते, जमिनीचा वास संपल्यामुळे गोंधळते, मग नाक हळूहळू वर उचलते, पुढचे पाय सालीवर टेकते आणि शेपटीचे टोक थरथरू लागते. तोपर्यंत आपण तोंडातून अवाक्षर काढू नये. पहिले भुंकणे त्याचे स्वतःचे असले पाहिजे. ते ऐकू आले की मगच कातडे खाली सोडावे.

पिंजऱ्यातला जिवंत रॅकून पिल्लापुढे ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो कधीही मानू नये. त्या प्राण्याचे त्यात विनाकारण हाल होतात, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीर आहे, शिवाय जाळीमागचा रॅकून चावत नाही असा भलता धडा पिल्लू त्यातून घेते.

बंदुकीच्या आवाजाची सवय याच काळात लावावी. पिल्लू जेवत असताना सुमारे १०० मीटरवरून पॉइंट टू-टू या लहान काडतुसाच्या रायफलचा बार काढावा आणि ते मान वर न करता जेवत राहिले तरच पुढच्या वेळी अंतर थोडे कमी करावे.

कोठारातील पहिली रात्र

वर्षाचे होईपर्यंत पिल्लाला खऱ्या रॅकूनसमोर नेऊ नये. मी एका शेतावर सात महिन्यांचे, फार हुशार पिल्लू पाहिले होते. मालकाला धीर नव्हता. त्याने ते एका थोराड नरावर सोडले. नाकाची जखम दोन आठवड्यांत भरली, पण पुढच्या हंगामात माळ्याची शिडी दिसताच ते मालकाच्या पायांमागे जाऊन बसत असे. त्याच्यात काहीच खोट नव्हती, आणि ते आठवले की मला आजही वाईट वाटते.

पहिल्या रात्री सोबत एकच वयस्क, शांत आणि एका जागी भुंकणारा कुत्रा घ्यावा. दोन तरुण कुत्री एकत्र नेली की ती एकमेकांना चढवतात आणि झुंजीला उतरतात. जागा कोरडी आणि आटोपशीर निवडावी. तळे किंवा ओढ्याजवळ मुळीच जाऊ नये, कारण खोल पाण्यात रॅकून कुत्र्याच्या डोक्यावर चढून त्याला बुडवू शकतो. अरुंद फटीत शिरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात सैल पट्टा नसावा. जमिनीखाली जाण्याची शक्यता असेल तर ठावठिकाणा दाखवणारा, घट्ट बसणारा पट्टाच वापरावा. माळ्यावर चढताना आपण हातमोजे आणि मुखपट्टी घालावी. रॅकूनच्या विष्ठेतील गोलकृमीची अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि पोटात गेल्यास माणसाच्या मेंदूलाही इजा करू शकतात.

मोठा कुत्रा भुंकू लागला की पिल्लाला लांब दोरीवर जवळ न्यावे, वास घेऊ द्यावा, भुंकू द्यावे. पाच मिनिटे पुरेत. गोळी झाडायची असेल तर त्याआधी दोन्ही कुत्री साखळीला बांधावीत आणि नेम अनुभवी, परवानाधारक माणसानेच धरावा, म्हणजे प्राणी एका गोळीत संपेल. रॅकून निसटला तरी पिल्लाच्या दृष्टीने रात्र चांगलीच गेली असे समजावे.

घरी परतल्यावर

उजेडात पिल्लाचे ओठ उलटून, कानांच्या आत आणि पंजांच्या बोटांमध्ये पाहावे. दाताचे छिद्र बारीक दिसते, पण आत खोल असते. ते सलाइनने धुऊन दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला दाखवावे. रेबीजची लस झालेली असली तरी चावा लागल्याचे त्याला स्पष्ट सांगावे, कारण वाढीव मात्रा द्यावी लागते. जंताचे औषध हंगामभर दर महिन्याला चालू ठेवावे.

चाव्याची तारीख वहीत लिहावी. कूनहाउंड पॅरालिसिस नावाचा विकार रॅकूनच्या चाव्यानंतर साधारण ७ ते ११ दिवसांनी दिसू लागतो: मागचे पाय लटपटतात, मग पुढचेही, आणि भुंकण्याचा आवाज बारीक होतो. नीट शुश्रूषा झाली तर बहुतेक कुत्री काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा उभी राहतात. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात पिल्लाला रोज सकाळी अंगणात चालवावे आणि मागून त्याची चाल पाहावी.