किटचा रिसीव्हर बहिरा आहे की बाहेरचा गोंगाटच जास्त?

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडचं (७ मेगाहर्ट्झचं) किट जुळवून झालंय, डायल फिरतोय, स्पीकरमधून खरखर येतेय, पण हैदराबादचं स्टेशन भिंतीपलीकडून बोलल्यासारखं लागतंय. अशा वेळी आधी सोल्डरिंग आयर्न नाही, मल्टिमीटर हातात घ्यायचा. आणि भर दुपारी तपासणी करू नका. तेव्हा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) डी थर ७ मेगाहर्ट्झचे सिग्नल शोषून घेतो आणि चांगला सेटही मुका वाटतो. सकाळी किंवा संध्याकाळी बसा.

मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावा. अँटेना काढून त्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर जोडा. १०० ओहमचे दोन पाव वॅटचे रेझिस्टर पॅरलल केले तरी चालेल, फक्त माइक काढून ठेवा, चुकून पीटीटी (माइकवरचं ट्रान्समिटचं बटण) दाबला गेला तर ते रेझिस्टर जळतील. एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) असेल तर बंद करा. व्हॉल्यूम मध्यावर ठेवून रीडिंग लिहून घ्या. मग व्हॉल्यूमला हात न लावता अँटेना जोडा. रीडिंग तिप्पट किंवा जास्त झालं, म्हणजे साधारण १० डीबीच्या (डेसिबलच्या) वर गेलं, तर रिसीव्हर ठीक आहे. बाहेरची खरखरच त्याच्या आतल्या खरखरीपेक्षा मोठी आहे, मग आरएफ अँप्लिफायरचा गेन वाढवून दोन्ही सारख्याच वाढतील.

मुंबईत बहुतेकदा हेच निघतं. सेट १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच मिनिटभर बंद करा. खरखर पडली तर चोर घरातच आहे: एलईडी बल्बचा ड्रायव्हर, राउटरचा अडॅप्टर, चार्जर. एकेक एमसीबी वर करत गेलात की सापडतो. पडली नाही तर लिफ्ट, जिन्यातले दिवे किंवा शेजारी. तिथे अँटेना भिंतीपासून लांब, गच्चीवर नेण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवावं लागतं.

रीडिंग जेमतेम हललं, तर मात्र झाकण उघडा. शोध स्पीकरकडून अँटेनाकडे घ्यायचा. प्रत्येक स्टेज स्वतःची थोडी खरखर पुढे ढकलते, त्यामुळे एखादी बंद केल्यावर खरखर कमी झाली पाहिजे. जिथे फरक पडत नाही, त्याच्या आसपास दोष.

व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून पात्याला बोट टेकवा. स्पीकरमध्ये ठसठशीत हम आला तर एलएम३८६ (ऑडिओ अँप्लिफायरची आयसी) ठीक आहे. हम आला पण अगदी बारीक, तर तिच्या पिन १ आणि ८ मधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बघा. तो असला तर गेन २००, नसला किंवा सोल्डर सुटलं असेल तर २०, म्हणजे २० डीबी तिथेच गेले.

आता बीएफओ (सिग्नलमधून ऐकू येणारा आवाज काढणारा ऑसिलेटर) बंद करा. खरखर दणकन खाली यायला हवी. नाही आली तर ऐकू येणारी सगळी खरखर ऑडिओचीच आहे, आयएफपासून (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या स्टेजपासून) काही पोहोचतच नाही. बीएफओ चालू असूनही आवाज पातळ आणि लांबचा येत असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी क्रिस्टल फिल्टरच्या कडेपासून सरकली आहे. ती साधारण ३०० हर्ट्झ बाहेर हवी. त्याहून लांब गेली की बोलण्यातला भरदार भाग फिल्टरमध्येच मरतो.

बिटेक्स (BITX) या ट्रान्सीव्हर डिझाइनच्या जातीच्या किटमध्ये तेच अँप्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात. म्हणून रिसीव्हवर आरएक्स (रिसीव्हच्या) लाइनला पूर्ण १२ व्होल्ट आणि टीएक्स (ट्रान्समिटच्या) लाइनला शून्य आहे ना, हे मोजा. रिसीव्हच्या दिशेने चालणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बेस एमिटरपेक्षा ०.६ ते ०.७ व्होल्ट वर असला पाहिजे.

मिक्सरच्या डायोड रिंगला ऑसिलेटरकडून सुमारे +७ डीबीएम (एक मिलिवॅटपेक्षा ७ डीबी जास्त) लागतात. ५० ओहमवर हे ०.५ व्होल्ट आरएमएस, म्हणजे ०.७ व्होल्ट पीक. जर्मेनियम डायोडच्या आरएफ प्रोबवर थोडं कमी दिसेल. ऑसिलेटर म्हणून एसआय५३५१ आयसी असेल तर प्रोग्रॅममध्ये ड्राइव्ह २ मिलिअँपिअर ठेवलाय का बघा, ८ पर्यंत वाढवता येतो. ट्रायफायलर ट्रान्सफॉर्मर (तीन तारा एकत्र गुंडाळलेला) आणखी फसवा: एका तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं असतं. सुरुवात-सुरुवात जोडली गेली तर दोन अर्धी एकमेकांना मारतात, मीटरवर मात्र कंटिन्युइटी अगदी छान दिसते. इनॅमल नीट न खरवडता टिन केलेली तार हा दुसरा नेहमीचा घोळ.

बँडपास फिल्टरला (फक्त आपल्या बँडचे सिग्नल आत सोडणाऱ्या) सगळ्यात जास्त वेळ द्या. त्याचा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा कपॅसिटर) पूर्ण एक फेरी फिरवला की आवाजाचे दोन कळस यायला हवेत. एकच आला, तोही ट्रिमर पूर्ण मिटलेला किंवा पूर्ण उघडलेला असताना, तर कॉइल चुकली आहे. हिशेब करून बघा: लाल टी५०-२ टोरॉइडवर (कड्यासारख्या कोअरवर) ३० वेढे म्हणजे ४.४१ मायक्रोहेन्री, ११४ पिकोफॅरडच्या कपॅसिटरसोबत बरोबर ७.१ मेगाहर्ट्झ. एक वेढा कमी पडला की तोच फिल्टर ७.३४ वर बसतो. पिवळ्या टी५०-६ वर तेच ३० वेढे घातले तर ७.८६ वर. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, बाहेरून मोजलं की हमखास एक चुकतो. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, सुटे टोरॉइड आणताना जपून. पिवळा रंग आणि एक बाजू पांढरी असलेला कोअर कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला असतो, आरएफला तो कुचकामी.

पावसाळाभर पडून राहिलेल्या सेटमध्ये रिसीव्ह-ट्रान्समिट बदलणारा रिले तपासा. खूण ठरलेली: पीटीटी दाबून सोडला की स्टेशन एकदम वर येतं, मग हळूहळू पुन्हा बसतं. दमट, खाऱ्या हवेने काँटॅक्टवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. मायक्रोव्होल्टच्या सिग्नलला तो फोडता येत नाही, काँटॅक्ट उघडून मिटताना घासला गेला की तेवढ्यापुरता निघतो. माइक काढून, रिसीव्हच्या वेळी रिले जे दोन पाय जोडतो त्यांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टेकवा. आवाज वाढला तर रिले बदला. क्लीनर मारून फार तर पुढच्या जूनपर्यंत ढकलता येईल.

शेवटी माहीत असलेला सिग्नल द्या. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) स्वीप थांबवून ७.१ वर ठेवला तर साधारण −१० डीबीएम देतो. २० डीबीचा एक पॅड (सिग्नल कमी करणारं रेझिस्टरचं जाळं) म्हणजे मध्ये २४० ओहम आणि दोन्ही बाजूंना ग्राउंडकडे ६२ ओहम. असे तीन पॅड लावले की −७० डीबीएम, जवळपास एस९ (सिग्नल मीटरवरचा भक्कम सिग्नल): स्पीकर दणाणला पाहिजे. आणखी दोन लावून −११० वरही शिट्टी स्वच्छ ऐकू यायला हवी. पॅडमध्ये पत्र्याचे आडोसे सोल्डर करा, नाहीतर सिग्नल हवेतूनच गळेल आणि सेट उगाच चांगला वाटेल.

ही परीक्षा पास, तरीही अँटेना जोडून खरखर वाढत नाही? मग गच्चीवर जा. पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा प्लग) सोलून बघा, कोअॅक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी काळी-हिरवी पडलेली असेल तर ती चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून काढा. नवा प्लग लावून त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी थरांवरून ओघळेल. आणि केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या.