पीएसए करायची का, हे रक्त देण्याआधी ठरवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका लॅबमध्ये मी ३१ वर्षं रक्त काढलं. पुढेपुढे 'फुल बॉडी' पॅकेजचे फॉर्म वाढले, आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या फॉर्मवर पीएसएला, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरचा अंदाज घेणाऱ्या रक्ततपासणीला, आधीच टिक असायची. बाही वर करणाऱ्याला विचारावं, "भाऊ, ही कसली तपासणी, ठाऊक आहे?" तर उत्तर ठरलेलं: "पॅकेजात आहे ना, करून टाका."

तसं करू नका. पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वाढत्या वयाने, ग्रंथी मोठी झाल्याने, लघवीच्या इन्फेक्शननेही ते वाढतं. आकडा जास्त आला म्हणून बायोप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणी) केलेल्या चौघांत साधारण एकालाच कॅन्सर निघतो.

माझ्या दादाला लघवीला जळजळ होती, अंगात ताप होता, आणि तशातच कुणीतरी पीएसए लिहून दिली. रिपोर्ट ९.४. वहिनींनी देव पाण्यात ठेवले. दादाने कामाठी बागेत फिरायला जाणं सोडलं, दिवसभर गॅलरीत गप्प बसायचा. इन्फेक्शन बरं झाल्यावर सहा आठवड्यांनी मीच पुन्हा रक्त काढलं: २.१.

म्हणून आधी स्वतःला विचारा: आकडा जास्त आला, तर पुढे एमआरआय, बायोप्सी करायची माझी तयारी आहे का? फायदा आहे, तो नाकारू नका. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात २३ वर्षांनंतर दिसलं, की तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे या कॅन्सरचा एक मृत्यू टळला. पण त्या एकामागे १२ जणांना जादा निदान झालं. त्यातले बरेच कॅन्सर इतके संथ असतात, की आयुष्यात कधी त्रासही दिला नसता. उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, ताठरता जाऊ शकते. काउंटरवर पुरुष हे विचारत नाहीत, म्हणून मी लिहितोय. संथ कॅन्सरवर लगेच ऑपरेशन न करता, ठरावीक तपासण्या करून नुसती नजर ठेवता येते, हेही डॉक्टरांना विचारा.

वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर तुमचा धोका साधारण दुप्पट. पंचेचाळिशीतच डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाचा २०१८ चा सल्ला असा: ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर नियमित तपासणी नको. लघवीतून रक्त येत असेल किंवा लघवी अडत असेल, तर हा विचार करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

करायचं ठरलं, तर आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि लांबची सायकल टाळा. मोठ्या झालेल्या प्रोस्टेटसाठी देतात ती फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर आवर्जून सांगा. या गोळ्यांनी आकडा जवळपास निम्मा दिसतो. एका रिपोर्टवर बायोप्सीला धावू नका. पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

दादा आता त्र्याहत्तर वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात पॅकेजच्या फॉर्मवर पीएसएपुढे त्याने स्वतः फुली मारली. मी एकसष्टचा, डॉक्टरांशी बोलून दोन वर्षांनी एकदा करतो.