उन्हाळी सुट्टीतील बाग आणि बागेसाठी काटकसरीत घेतलेले सुती कपडे

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा ४० अंशांकडे सरकू लागतो, मे महिन्यात तो त्याही पुढे जातो आणि नेमकी त्याच दिवसांत मुलांना सुट्टी असते. दुपारभर पंख्याखाली बसून कंटाळलेल्या मुलांसाठी घराभोवतीची बाग हा सर्वांत जवळचा आणि कमी खर्चाचा आसरा आहे. येथे बाग म्हणजे हिरवळ आणि कारंजे असलेली जागाच अपेक्षित नाही. कडुनिंबाखालचे अंगण, वाड्यातील सामाईक चौक, गच्चीवर ठेवलेल्या दहा-बारा कुंड्या, यांपैकी काहीही चालते. बागेत जाण्याआड ऊन आणि पाणीटंचाई येते हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु तितकीच मोठी तिसरी अडचण कपड्यांची असते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. अंगात नवा, महाग सदरा असला की ‘मातीत बसू नकोस, डाग पडेल’ हे वाक्य दर पाच मिनिटांनी ऐकू येते आणि खेळ तेथेच संपतो. म्हणून सुट्टीतील खेळ ठरवतानाच त्या खेळांसाठीचे कपडेही ठरवावेत, तेही कमी पैशांत आणि पारखून, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वेळ आणि सावली

सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी साडेपाचनंतर अंधार पडेपर्यंत, एवढाच वेळ या दिवसांत बागेचा मानावा. अकरा ते चार या वेळेत मुलांना बाहेर सोडू नये. मोठे झाड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जुनी सोलापुरी चादर किंवा सुती साडी चार टोकांना बांधून सावली करता येते. चादरीची वीण दाट असल्यामुळे ऊन चांगले अडते, मात्र ती वजनाला जड असते आणि वारा भरला की कोपरे फाटतात. त्यासाठी कापडाला भोक पाडू नये. प्रत्येक कोपऱ्यात लिंबाएवढा गोल दगड ठेवावा, त्याभोवती कापड गुंडाळावे आणि दगडाच्या मागे सुतळीचा फास आवळावा. अशी गाठ सुटत नाही आणि चादर पुन्हा पांघरण्याजोगी राहते. पश्चिमेकडील बाजू थोडी खाली बांधावी, म्हणजे संध्याकाळचे तिरपे ऊन आत येत नाही.

पाण्याचा खेळ, पण पाणी वाया न घालवता

शहरातील अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाइप धरून एकमेकांना भिजवण्याचा खेळ आपल्याला शोभणारा नाही. झाडांना जे पाणी घालायचेच आहे, त्याच पाण्यात आधी मुलांना खेळू द्यावे. एका पसरट टबात किंवा मोठ्या घमेल्यात दोन बादल्या पाणी घ्यावे, त्यात साबण किंवा शाम्पू अजिबात घालू नये आणि खेळ संपला की तेच पाणी तांब्यातांब्याने झाडांच्या आळ्यांत ओतायला मुलांनाच सांगावे. काठोकाठ भरलेला तांब्या न सांडता आळ्यापर्यंत नेण्याची शर्यत लहान-मोठ्या सर्वांना रंगवते. शर्यतीची वाट आळ्यांमधूनच आखली तर सांडलेले पाणीही झाडालाच मिळते. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला चार बारीक भोके पाडली की उत्तम झारी तयार होते.

दोन गोष्टींत हयगय करू नये. अगदी वीतभर पाण्यातही तान्ह्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचा जीव जाऊ शकतो, म्हणून अशा मुलाजवळ मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे. खेळ झाल्यावर टब रिकामा करून पालथा घालावा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात आणि साधारण आठवडाभरात त्यांतून नवे डास बाहेर पडतात.

मानेभोवती ओला टॉवेल घेणे हा साधा उपाय आपल्याकडे विशेष गुणकारी ठरतो. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि ती होताना अंगातील उष्णता ओढून घेते. माठातील पाणी गार राहते ते याच कारणाने. मुलांना हे नुसते सांगण्याऐवजी दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरून एकीला ओले सुती फडके गुंडाळावे, दुसरी तशीच ठेवावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने दोन्हींतील पाणी हातावर घेऊन फरक पाहू द्यावा.

पुरलेले मडके आणि चवळीचे बी

माझ्या मते सुट्टीतील सर्वांत समाधान देणारा उद्योग हा आहे. पाझर मंदावल्यामुळे पाणी गार न करणारा जुना माठ किंवा मडके बहुतेक घरांत पडून असते. तळाला चीर असेल तर ती सिमेंटने बुजवावी. वाफ्याच्या मधोमध खड्डा करून मडके गळ्यापर्यंत मातीत पुरावे, तोंडापर्यंत पाणी भरावे आणि वर झाकणी ठेवावी. मातीच्या छिद्रांतून पाणी हळूहळू झिरपते. भोवतालची माती जितकी कोरडी तितके ते अधिक ओढले जाते, आणि वरून घातलेल्या पाण्याप्रमाणे ते उन्हाने उडून जात नाही. मडक्यापासून वीतभर अंतरावर गोलाकार बी टोकावे. चवळी, भेंडी आणि गवार ही पिके उन्हाळा सोसतात. बी रात्रभर भिजत घालून लावले तर चवळी चार-पाच दिवसांत आणि भेंडी सुमारे आठवड्यात वर येते. एवढे थांबणे लहान मुलांनाही जमते. रोज सकाळी काडी बुडवून मडक्यातील पाणी किती उतरले ते वहीत लिहिण्याचे काम एका मुलाकडे द्यावे. वाफ्यावर सुक्या पानांचा दोन-तीन बोटे जाड थर पसरावा. अंगण झाडल्यावर पाने पेटवून देण्याची सवय त्यामुळे आपोआप सुटते.

गच्चीवर जागा कमी असेल तर मोठ्या कुंडीत लहान मडके पुरूनही हेच साधते. शेजारी पाखरांसाठी पाण्याचे पसरट परळ ठेवावे आणि त्यातील पाणी रोज बदलावे.

सावली नाहीशी होण्याचा दिवस

हा खेळ वर्षात एकदाच नीट साधतो, म्हणून तो वेगळा सांगतो. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुसरी वेळ ऑगस्टच्या आरंभी येते आणि बहुधा ढगांत जाते. पहिली मात्र मे महिन्याच्या १०-११ तारखेच्या सुमारास, स्वच्छ आकाशात येते. त्या दिवशी दुपारी १२ वाजून २० ते २५ मिनिटांच्या दरम्यान सपाट फरशीवर एखादा डबा किंवा पाण्याची बाटली सरळ उभी ठेवली तर तिची सावली तिच्याच बुडाखाली जाते. आधीच्या आठवड्यापासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली तर ती कशी आखडत जाते तेही दिसते. ही भर दुपारची वेळ असल्यामुळे टोपी घालून पाच मिनिटे बाहेर यावे, खूण करावी आणि लगेच आत जावे. सूर्याकडे कोणीही पाहू नये.

लगोरी, डबा ऐसपैस, सागरगोटे, विटी-दांडू हे खेळ शिकवायला आजी-आजोबा किंवा मामा-आत्या घरात असतातच, त्यांविषयी अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो, की लगोरीसाठी दगड गोळा करताना ते आधी काठीने उलटावेत. आपल्या भागात दगडांखाली आणि लाकडांच्या ढिगात विंचू असतात. सायंकाळी पायांत बूट आणि मोठ्यांच्या हातात बॅटरी असावी. विंचू चावलाच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलाला तडक रुग्णालयात न्यावे. मूल एकाएकी गप्प झाले, चक्कर येते किंवा मळमळते म्हणाले तर त्याला सावलीत घेऊन अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि घोटाघोटाने पाणी किंवा मीठ घातलेले ताक द्यावे. ते असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काहीही न देता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

कपडे : आधी कपाट, मग नातलग, मग बाजार

बागेसाठी एका मुलाला फार कपडे लागत नाहीत. सैल, पूर्ण बाह्यांचे दोन सुती सदरे, दोन पायजमे किंवा लेंगे, रुंद काठाची एक टोपी आणि एक टॉवेल पुरतो. पूर्ण बाह्या गरम होतील अशी शंका घेतली जाते. परंतु पातळ सुती बाही उन्हाचा चटका अडवते आणि आत हवा खेळती ठेवते. फिक्या रंगाचे कापड ऊन कमी शोषते, हे खरे. मात्र बागेसाठी मातकट, राखी किंवा फिकट निळा रंग घ्यावा, म्हणजे डाग उठून दिसत नाहीत.

पहिली खरेदी आपल्याच कपाटातून करावी. वर्ष संपल्यावर आखूड झालेला शाळेचा गणवेश, वडिलांचा कॉलर विरलेला सदरा, आईची जुनी सुती साडी, हे सारे बोहारणीला देण्याआधी एकदा नजरेखालून घालावे. मोठ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापासून कापून कडा दुमडल्या की सात-आठ वर्षांच्या मुलासाठी बागेचा डगला तयार होतो. त्यानंतर चुलत-मामेभावंडांचे कपडे मागावेत. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. तान्ह्या बाळाला आपण प्रथम जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडातच गुंडाळतो, कारण ते त्वचेला बोचत नाही. हाच गुण वाढत्या मुलांनाही हवाच असतो. घेतलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि मगच घालावेत.

यानंतरही जे उरेल त्यासाठीच बाजार गाठावा. येथे १८७७ पासून कापड गिरणी चालू होती, चादरी आणि टॉवेल आजही येथेच विणले जातात आणि शालेय गणवेश शिवणारे कारखानेही गावात आहेत. अशा गावात राहून सुती कपड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. चाटी गल्ली आणि नवी पेठ पायी फिरून दोन-तीन दुकानांतील भाव विचारावेत. कट पीसच्या दुकानात दीड-दोन मीटरचे तुकडे ताग्यापेक्षा कमी भावात मिळतात आणि त्यात लहान मुलाचा सदरा सहज बसतो. टॉवेल घ्यायचा असेल तर पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीकडे डागी मालाची चौकशी करावी. सुटलेला एखादा धागा किंवा काठाचा चुकलेला रंग बागेत कोणाला खटकणार नाही. मात्र टॉवेल उजेडासमोर धरून वीण कोठे विरळ आहे का, ते पाहावे. लग्नसराईच्या गर्दीत आणि शाळा उघडण्याच्या आठवड्यात दुकानदाराला बोलायला सवड नसते, त्यामुळे या दोन्ही वेळा टाळाव्यात आणि कामाच्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्यावर लवकर जावे.

कापड पारखण्याची रीत

‘प्युअर कॉटन’ या शब्दांवर विसंबू नये. कापडावर बोटाने पाण्याचा थेंब सोडावा. सुती कापड तो बहुधा लगेच पिते. खळ असेल तर थोडा वेळ लागतो, पण पॉलिस्टरवर थेंब बराच वेळ तसाच उभा राहतो. कट पीस घेतला असेल तर घरी मोठ्या माणसाने कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि चोळल्यावर मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून आखडते आणि त्याची कडक गोळी बनते. टेरीकॉटमध्ये, म्हणजे सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्र कापडात, दोन्ही खुणा मिसळलेल्या दिसतात. असे कापड टिकते, पण घाम फारसा शोषत नाही, म्हणून ते मे महिन्याच्या बागेसाठी घेऊ नये.

तयार कपडा घेताना तो उलटा करावा. शिवणीत बोटभर माया सोडलेली असेल तर पुढील वर्षी तो उसवून वाढवता येतो, आणि लेंग्याच्या पायाला दुमड असेल तर उंचीही मिळते. काखेतील आणि दोन पायांमधील शिवण दोन्ही हातांनी हलके ताणावी. टाके उघडे पडले तर तो कपडा ठेवून द्यावा. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते दुकानातच पाहावे. सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो, त्यामुळे तो एक माप मोठा घ्यावा. स्वस्त-महाग ठरवताना केवळ किमतीकडे न पाहता तो किती वेळा अंगावर जाईल याचा अंदाज करावा. लग्नात दोनदा घातलेल्या भरजरी पोशाखापेक्षा सुट्टीभर रोज धुतलेला साधा लेंगा खरोखर स्वस्त पडतो.

विरलेल्या कापडाचा शेवटचा उपयोग

उसवून, ठिगळ लावून, वाकळीत घालूनही जे सुती तुकडे उरतील त्यांचा बागेत आणखी एक उपयोग आहे. मामाच्या गावाला चार-पाच दिवस जायचे असेल तेव्हा कुंड्यांपेक्षा थोड्या उंचीवर पाण्याची झाकलेली बादली ठेवावी, सुती कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या पिळून त्यांच्या वाती कराव्यात, त्या पूर्ण भिजवाव्यात आणि एक टोक बादलीच्या तळाशी व दुसरे कुंडीच्या मातीत दोन-तीन बोटे खोल खोचावे. वात पाणी ओढून कुंडीपर्यंत पोहोचवते. बादली सावलीत असावी आणि वात बाहेर फार लांब नसावी, नाहीतर पाणी वाटेतच सुकते. पॉलिस्टरची वात बहुधा पाणी नीट ओढत नाही, म्हणून येथेही थेंबाची परीक्षा करूनच कापड निवडावे. निघण्याच्या दोन दिवस आधी वाती लावून माती ओली राहते का ते पाहावे, आणि पाणी भराभर उतरत असेल तर वात थोडी बारीक करावी.