फसलेल्या माणसाकडून तक्रार नीट लिहून घ्यायची कशी

कुणी ऑनलाइन फसलं की सगळ्यात आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. "सोमवारी बँकेत जाऊन बघू" म्हणणारे गावात लई असतात, त्यांचं ऐकू नका, तोवर पैसा चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेला असतो. एपीके फाईल (मेसेजमधून आलेली ॲपची फाईल) टाकली असेल तर मोबाईलचं नेट बंद करा, पण डिलीट काहीच करू नका. पासबुक, स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (पैसे गेलेल्या व्यवहाराचा नंबर) जवळ ठेवा.

आता खरं अवघड काम, माणसाला बोलतं करणं. मलाही सुरुवातीला हेच लई जड गेलं. मोंढ्यातून सोयाबीनचे पैसे खात्यात आले, पीएम किसानच्या नावानं फाईल आली, मामांनी दाबली, आणि घरचे म्हणतात "एवढंही कळलं नाही का?" झालं, मामा गप. मग रक्कम कमी सांगतात, ओटीपी दिलेला लपवतात, आणि जबाब स्टेटमेंटशी जुळत नाही.

पीडितांच्या अभ्यासात सुद्धा सुरुवातीला हेच झालेलं, दोष फसलेल्यालाच; मेंडेल्सोन या सुरुवातीच्या अभ्यासकानं पीडिताचा दोष किती याच्या पायऱ्याच पाडल्या होत्या. मला त्यापेक्षा कोहेन-फेल्सन या गुन्ह्यांच्या अभ्यासकांची १९७९ ची मांडणी कामाची वाटते: टपलेला गुन्हेगार, सोयीचं सावज आणि राखणदार नसणं, हे तिन्ही एकत्र आलं की गुन्हा घडतो. म्हणून विचारायचं ते असं, पैसे कधी जमा झाले, कुणाकुणाला माहीत होतं, तेव्हा घरी कोण होतं.

घरच्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर काढा. कॉल लॉग समोर घेऊन पहिल्या फोनपासून चला. "का दाबलं" हा प्रश्न विचारायचाच नाही, "मग स्क्रीनवर काय आलं" एवढंच विचारा. ओटीपी दिला असेल तर तेही लिहा, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे परस्पर जातं ते बँकेच्या अंगावर, म्हणून बँकेला कळवल्याची तारीख-वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवाच.

मग सायबर क्राइम पोर्टलवर भरा. ठाण्यात "आमची हद्द नाही" म्हणाले तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ सांगा, हद्द कुठलीही असो माहिती नोंदवावी लागते, एफआयआरची कॉपीही फुकट मिळते.

पुढं काही दिवसांनी "पैसे परत काढून देतो, आधी फी भरा" असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्याचा नंबर या भामट्यांकडं फिरत असतो. घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि तो नंबरही १९३० ला कळवा.